मंदाच्या शाळेचा सण

टांझानियाला जाऊन आले म्हटलं की राहुरीत जो भेटेल तो पहिला प्रश्न एकच विचारतो, सिंह पाहिला का? नाही पाहिला. माकडं पाहिली, ती आपल्या करंजी घाटातही दिसतात. मुक्कामाचे बहुतेक दिवस मी मुलाच्या क्वार्टरमध्ये दुपटी धुण्यात घालवले.

माझा संदीप तिकडच्या एका साखर कारखान्यात इंजिनियर आहे. सुनेच्या बाळंतपणाला तिच्या आईला जाता येईना, म्हणून मी गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी नुकतीच निवृत्त झाले होते, आता जरा पाठ टेकावी असं मनात होतं. नात दिवसभर झोपायची आणि रात्रभर जागायची, तिच्याबरोबर मीही. पहिल्या सकाळी मोठ्या उत्सुकतेने खिडकी उघडली तर मळीचा वास आला. समोर ऊस, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, रस्त्यावर सांडलेलं पाचट. विमानात बसून, पाय सुजवून, मी पुन्हा राहुरीतच येऊन पडले होते.

पण एक काम घेऊन गेले होते, ते सांगायचं म्हणून हे लिहायला बसले आहे.

मंदा माझी बालमैत्रीण. मुळा धरणाच्या कालव्यालगतच्या आमच्या गावात ख्रिस्ती वस्ती आहे, तिथली ती. आम्ही एका बाकावर बसून शिकलो. पुढे मी डी.एड. केलं आणि ती सिस्टर झाली. तिच्या सिस्टरांच्या संघाने तिला तरुणपणीच टांझानियातल्या मुलींच्या शाळेत पाठवलं, तेव्हापासून ती तिथेच. आईच्या मातीला तेवढी आली होती, त्यानंतर नाही.

मी निघायच्या आधी तिचा थोरला भाऊ, याकोबदादा, आमच्या घरी आला. तो पाटबंधारे खात्यात पाटकरी होता, कालव्याची दारं उघडायची आणि पाणी वाटायचं त्याचं काम. आता त्याच्या किडन्या गेल्यात, डायलिसिसला नगरला जावं लागतं. ओट्यावर बसून बराच वेळ धाप ओसरू दिली आणि मग म्हणाला, "कुसुम, तू चाललीच हायेस तिकडं, तर मंदीला घिऊन ये."

"दादा, आफ्रिका म्हणजे शेजारची वांबोरी आहे का?"

"संदीपचा अन् तिचा देश तर एकच हाय ना? मग जमंल. माझं ती ऐकत न्हाई. दर रविवारी फोनवर इचारतो, कधी येतीस? म्हन्ती, पुढच्या वर्षी. मला आता पुढच्या वर्षाचा भरवसा वाटंना."

मी हो म्हणाले. त्याच्या तोंडाकडे पाहून दुसरं काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

गुरुवार

मंदाच्या शाळेचा वार्षिक सण जुलैच्या शेवटी असतो. शाळेची संतीण म्हणजे येशूची आजी, तिचा तो दिवस. "सणाला ये, मंजे सगळ्या एकदम बघायला मिळतील," असं मंदाने फोनवर सांगितलं होतं. संदीपने मला पहाटेच्या बसमध्ये बसवून दिलं. खरं सांगते, अंगात हौस नव्हती. कंबर धरली होती, आणि बसची सीट मिळाल्यावर प्रवासाच्या आनंदापेक्षा आता कुणी रडणार नाही याचाच आनंद जास्त झाला.

उसाचं खोरं संपलं आणि डोंगर आले. दुपारी एका रुक्ष दरीतून बस जात होती, तिथे जिकडे नजर जाईल तिकडे गोरखचिंचा. आपल्याकडे एखादं झाड असलं तर त्याला पार बांधतात, पाटी लावतात. इथे डोंगर उतारावर माणसं उतरावीत तशी ती उतरत होती. पानं एकही नाही, सगळी पोटं सुटलेली, जागच्या जागी दमून उभी. त्यांच्यात मला जरा घरच्यासारखं वाटलं.

माझ्या शेजारी एक जाडजूड बाई होती. बस थांबली की विकणारे खिडकीशी टोपल्या उंच धरायचे, उकडलेली अंडी, काजू, कांदे, भाजलेली कणसं. तिने अंडी घेतली, त्यातलं एक सोलून, मीठ लावून माझ्या हातात ठेवलं. मग माझ्या सुजलेल्या पायांकडे बघून हळू म्हणाली, "पोले. पोले ना सफारी."

सफारी म्हणजे प्रवास, आणि पोले हा शब्द संदीपने मला शिकवला होता. दमलेल्याला, ठेच लागलेल्याला, घरात माणूस गेलेल्याला, सगळ्यांना तिथे पोले म्हणतात. म्हणजे, तुला त्रास झाला, मला कळलं. आपल्याकडे दमून आलेल्याला बस म्हणतात, पाणी देतात, चहा टाकतात. दमलीस गं, असं तोंडाने कुणी म्हणत नाही. मला त्या अनोळखी बाईने ते म्हटलं आणि मी अंडं तसंच हातात धरून बसले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

पुढे एक घाट लागतो. मालाच्या लॉऱ्या एकामागे एक, मुंगीच्या पावलांनी चढत होत्या. घाट संपला तशी हवा गार झाली, आणि इरिंगा या डोंगरावरच्या गावात उतरले तेव्हा दात वाजत होते. आफ्रिकेत थंडी असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्याकडे एक सुती शाल.

स्टँडवर दोन सिस्टरांबरोबर मंदा उभी होती. पांढरे केस, करडा झगा, तीच पुढे आलेली हनुवटी. मी हात हलवला. ती माझ्याच दिशेला बघत होती, पण जागची हलली नाही. मला वाटलं, मी ओळखू न येण्याइतकी बदलले. मग मी हाक मारली, "मंदे."

ती झटकन वळली आणि हात पसरून आली. "कुसे, आवाज हाय तसाच ठिवलास गं."

फोनवरच्या दोन वाक्यांत जाणवलं नव्हतं, पण आता तिची भाषा ऐकून मी चकित झाले. आमच्या गावातसुद्धा आता असं कुणी बोलत नाही. पोरं शाळा-कॉलेजातून, टीव्हीतून वेगळंच बोलायला शिकलीत. मंदाला रविवारचा फोन सोडला तर इतकी वर्षं मराठी बोलायला माणूस नव्हतं, म्हणून तिची भाषा तिने नेली तशीच राहिली होती. गाडीत ती सारखी बोलत होती, "आमी ह्या वाटंनं पायी यायचो," "तवा हितं कायबी नव्हतं," आणि डोळे मिटले तर पुढच्या सीटवर तिची आई बसली आहे असं वाटत होतं.

शुक्रवार

शाळा एका टेकाडावर आहे. लाल विटांच्या बैठ्या इमारती, पत्र्याची छपरं, निलगिरीची झाडं, माती लालभडक. मुली तिथेच राहून शिकतात. सणाची तयारी चालली होती. कुणी अंगण झाडत होत्या, कुणी दगडांना चुना लावत होत्या, हॉलमध्ये ढोल वाजत होते.

लहान मुली मोठ्यांना भेटल्या की किंचित गुडघा वाकवून "शिकामू" म्हणतात. मूळ अर्थ, मी तुमचे पाय धरते. मोठ्यांनी "मरहबा" म्हणायचं. पाया पडणं आपल्याकडेच असतं असं मला आजवर वाटत होतं. त्यांचे पुष्कळ शब्दही ओळखीचे निघतात. साबणाला साबुनी, गाडीला गारी, जेवणातल्या कांदा-टोमॅटोला कचुंबारी. चहाला चाय आणि चपातीला चपाती. मंदाला सगळ्या मुली बिबी म्हणतात, म्हणजे आजी.

एक गोष्ट मात्र वेगळी वाटली. मुली मंदासमोर आल्या की आधी स्वतःचं नाव सांगायच्या. "नीमा. शिकामू, बिबी." "रेहेमा. शिकामू, बिबी." मला कुणी नाव सांगत नव्हतं. ही सिस्टरांना मान द्यायची पद्धत असेल असं मी धरलं. पण मुख्याध्यापिका सिस्टर ॲग्नेस समोरून गेल्या तेव्हा मुली नुसतं शिकामू म्हणाल्या.

सिस्टर ॲग्नेस तिथल्याच. मंदाच्या हाताखाली शिकल्या, सिस्टर झाल्या आणि आता तीच शाळा चालवतात. उंच, मोजकं बोलणाऱ्या बाई.

दुपारी मंदाने तिच्या खोलीत चहा केला. कपात चहा ओतताना तिने बोटाचं पेर कपाच्या कडेवर आत धरलं होतं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. मला निरोप सांगायचा होता. मोबाईल काढून म्हटलं, "दादांचा फोटो आणलाय. डायलिसिसनंतर काढला आहे, बघ."

तिने मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिली. तोंड बारीक झालं.

"दादा लई वाळला गं," ती म्हणाली. "गालं पार आत गेली."

मी वाकून बघितलं. माझं बोट सरकलं असावं. पडद्यावर माझी नात होती, दुपट्यात गुंडाळलेली, गुबगुबीत गालांची.

मी मोबाईल तिच्या हातातून काढून घेतला. तिलाही कळलं असणार, कारण ती मांडीवरचा झगा सारखा करत राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झालं की पुष्कळ. कडंकडंनं जात गेलं. आता मधी थोडा उजेड ऱ्हायलाय, सावल्या दिसत्यात. काचबिंदू म्हनला डाक्टर. गेलेली नजर यायची न्हाई, उरलेली थेंब घालून सांभाळायची."

"कुणाला माहीत आहे?"

"ॲग्नेसला. ती नेती मला डाक्टरकडं. अन् पोरींना. मी न्हाई सांगितलं त्यांना, त्यांचं त्यांनीच नाव सांगायला सुरू केलं. वरच्या मदरला ठावं न्हाई. कळलं की पाठवतील माघारी, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात. पुन्याला."

पुण्याहून राहुरी किती दूर? माझ्या मनात तेच आलं. मी न सांगता तिनेच मला वाट दाखवली होती. मी तिला दादाचा निरोप सांगितला, काहीही न वगळता. डायलिसिस, सूज, त्याने घर कसं वाढवलं ते, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही म्हणाला तेही.

तिने सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही. "उद्या सण हाय," एवढंच म्हणाली. "परवा बोलू."

मला राग आला. इतक्या लांबून आलेल्या माणसाला परवा सांगायचं? पण राग धरायलाही ताकद लागते. मी तिच्याच खाटेवर आडवी झाले. ती उठली आणि भिंतीला हात न लावता, कशाला न अडखळता बाहेर गेली. हॉलमधून तिचा आवाज आला, "मोजा, म्बिली, ताटू," एक, दोन, तीन, आणि मुलींनी गाणं उचललं.

शनिवार

सकाळपासून माणसं येऊ लागली. पालक, जुन्या विद्यार्थिनी, टेम्पोच्या हौद्यात उभे राहून गात येणारे लोक. सणासाठी सगळ्या बायकांनी एकाच छापाचं कापड घेतलं होतं, निळ्यावर पिवळी फुलं. मलाही एक तुकडा दिला आणि तो साडीवरून कमरेला गुंडाळला. मी आरशात पाहिलं नाही ते बरं.

मिस्सा, म्हणजे त्यांची सणाची मोठी प्रार्थना, मोठ्या हॉलमध्ये होता. हरेगावच्या ख्रिस्ती यात्रेत मंदाबरोबर लहानपणी मी गेले आहे, भजन-कीर्तनाचा तो गजर मला माहीत आहे. पण इथे मुली नाचत आत आल्या. दोन पावलं पुढे, एक मागे, खांदे हलवत, आणि तोंडात जीभ हलवून बायका असा लांब लुलुकार करत होत्या की पत्रे थरथरतील असं वाटलं. मंदा गाणाऱ्या मुलींसमोर उभी राहून हात हलवत होती. माहीत नसेल तर कुणाला शंकाही आली नसती.

मग अर्पण वाहण्याची वेळ आली. आपल्याकडे लोक नारळ-पेढे नेतात. इथे मुली डोक्यावर मक्याची टोपली, लाल भोपळे, उसाची मोळी, पाय बांधलेल्या कोंबड्या घेऊन नाचत वेदीपर्यंत गेल्या. शेवटी एक बोकड. तो अर्ध्या वाटेत बसला. दोन मुलींनी दोर ओढला, एक मागून ढकलत होती, आणि नाच चालूच. शेवटी वेदीजवळ पोचल्यावर त्याने तिथली फुलं खायला सुरुवात केली. फादरांनी प्रार्थना न थांबवता फुलदाणी उचलून दुसरीकडे ठेवली. मी खूप दिवसांनी हसले.

जेवणाआधी मुली कोमट पाण्याचा जग आणि पातेलं घेऊन रांगेने फिरल्या आणि पाहुण्यांच्या हातांवर पाणी घातलं. पुलाव, मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, घेवड्याची उसळ, शिजवलेली केळी. मध्यभागी एक अख्खा भाजलेला बोकड ताटात उभा केला होता, तोंडात पाला, आणि तो केकसारखा कापायचा, पहिला घास प्रमुख पाहुण्यांना. आमचा आखाड चालू होता, श्रावण लागायचा होता, त्यामुळे माझी ना नव्हती. मटण चांगलं होतं, मसाला मात्र काहीच नाही. पिशवीत आणलेलं काळं तिखट काढायला लाज वाटली.

प्रमुख पाहुण्या म्हणजे मंदाच्या संघाच्या मदर. केरळच्या, हिंदी बोलणाऱ्या, तरतरीत बाई. जेवण झाल्यावर त्या माझ्याजवळच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"आपण सिस्टर मंदाच्या गावच्या ना?" त्या म्हणाल्या. "आम्ही वयस्क सिस्टरांना एकेक करून भारतात बोलावतोय. सिस्टर मंदा दर वेळी म्हणतात, मी ठणठणीत आहे. त्यांचे भाऊ आजारी असल्याचं मी ऐकलं. तुम्ही दोन दिवस त्यांच्यासोबत आहात. तुम्हाला कशा वाटल्या?"

एका वाक्याचं काम होतं. तिला दिसत नाही, एवढं म्हटलं असतं की मंदा महिन्याभरात पुण्याला आली असती आणि दुसऱ्या दिवशी याकोबदादाच्या ओट्यावर. मी हो म्हणून आले होते. समोर अंगणात ढोल वाजत होते, जुन्या विद्यार्थिनींनी रिंगण धरलं होतं आणि त्यात मंदा होती. दोन्ही बाजूंनी कुणीतरी तिचे हात धरले होते. दोन पावलं पुढे, एक मागे. गुडघे माझ्याइतकेच जुने असतील, पण ती नाचत होती. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण असं नाचताना कधी पाहिलं नव्हतं.

"मदर," मी म्हणाले, "हे तुम्ही तिलाच विचारा. आणि आजच विचारा. तिचा भाऊ खरंच आजारी आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रिंगण थांबल्यावर त्या मंदाकडे गेल्या, तिचा हात धरून तिला ऑफिसकडे घेऊन गेल्या. थोड्या वेळाने सिस्टर ॲग्नेसही आत गेल्या.

मी तिथेच बसून राहिले. हे मी कुणासाठी केलं, मला ठरवता येईना. दादासाठी म्हणावं तर अर्धंच केलं होतं. मंदासाठी म्हणावं तर तिने मला हे करायला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मंदा बाहेर आली. माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली. "कुसे, तू सांगितलंस?"

"नाही. पण तू ठणठणीत आहेस असंही नाही म्हणाले."

ती म्हणाली, "म्यां समदं सांगितलं. कवातरी सांगायचंच हुतं." आणि माझ्या खांद्यावर हात टेकून खाली बसली. तो हात जड होता. तीही दमली होती, हे मला तेव्हा कळलं.

रविवार

सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्या सिस्टर जेवणाच्या खोलीत बसल्या. मी बाहेरच्या पायरीवर वाळलेल्या घेवड्याच्या शेंगा सोलत होते. दार उघडं होतं, बोलणं इंग्रजीत आणि स्वाहिलीत चाललं होतं. मदर शांतपणे सांगत होत्या की भारतात चांगले डॉक्टर आहेत, सेवेला माणसं आहेत, भाऊ जवळ आहे. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते.

मग सिस्टर ॲग्नेस बोलल्या. त्यांचं इंग्रजी मला सगळं समजलं. "आमच्या घरात आजीची नजर गेली की तिला दुसऱ्या घरी पाठवत नाहीत. तिच्याजवळ मुलं बसवतात. या शाळेत साडेतीनशे मुली आहेत. एका आजीजवळ बसायला तेवढ्या पुरतील."

मग मदरने मंदाला विचारलं, "तुम्हाला काय हवं?" मंदाने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, इतकी ती हळू बोलली.

ठरलं ते असं. मंदा तिथेच राहील. वर्गावर जाणार नाही, गाणं शिकवेल. डोळ्यांच्या औषधाची आणि तपासणीची जबाबदारी ॲग्नेसची, आणि मदरना वेळोवेळी खरं कळवायचं. भावाला भेटायला सुट्टीत जायचं असेल तर ॲग्नेस सोबत येईल, याला मदरची परवानगी.

हे शेवटचं ऐकून मला हायसं वाटलं. मंदा बाहेर आली तशी मी म्हणाले, "चला, निदान भेटायला तरी येशील. नाताळात ये. दादांना एवढंच हवंय."

ती माझ्याजवळ पायरीवर बसली आणि शेंगा सोलायला लागली. बोटं माझ्यापेक्षा भराभर चालत होती.

"न्हाई येनार, कुसे."

"का? आता तर परवानगी आहे."

"मला तितलं घर जसं हुतं तसं ठावं. आता तू म्हन्तीस दादानं पुढं खोल्या काढल्या, आड बुजवला, वाट वळवली. तिथं मला हाताला धरून फिरवतील. खायला हातात देतील. दादा बघंल अन् रडंल. हितं मला पायऱ्या पाठ हायेत, झाडं पाठ हायेत, पोरींचं पाय वाजलं तरी वळखते." तिने एक शेंग मोडली, दाणे पातेल्यात टाकले. "तिकडं गेले की मी आंधळी हाय. हितं न्हाई."

मी वाद घालायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. इतक्या वर्षांत शेकडो पालकांशी मी वाद घातलेत, मुलीला शाळेतून काढू नका म्हणून, लग्न लवकर करू नका म्हणून, आणि पुष्कळ वेळा जिंकलेही. इथे मी पुढची शेंग उचलली.

"दादांना काय सांगू?"

"जे बघितलंस ते."

"रडतील ते."

"रडू दे. तू मातर हुंदका दिऊ नगंस त्याच्याम्होरं. त्याला धाप लागती."

निघताना मुली फाटकापर्यंत आल्या. त्यांनी मलाही आपापली नावं सांगितली, एकेक करून, गुडघा वाकवून. मंदा माझ्यासाठी आत एका जुन्या स्वेटरच्या शोधात गेली होती, तो आणून तिने मला घातला, बटणं लावली आणि कॉलर सारखी केली. बसमध्ये बसल्यावर मी झोपले ते घाट उतरल्यावर जागी झाले.

राहुरी

आल्यावर दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. विमानाचा शीण होता हे खरं, पण दुसरंही कारण होतं. तिसऱ्या दिवशी उठून वस्तीवर गेले.

याकोबदादा ओट्यावर खाटेवर होता. हाताला डायलिसिसची पट्टी. मला एकटीला येताना पाहून त्याला कळलंच असणार. तरी त्याने वाटेकडे एकदा पाहिलं.

मी सगळं सांगितलं. आडवळणाने नाही, शाळेत धडा सांगावा तसं सरळ. फोटोचं सांगितलं, मुली नावं सांगतात ते सांगितलं, मदर, ॲग्नेस, परवानगी, आणि मंदा शेवटी काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत. तिकडं गेले की मी आंधळी हाय, हितं न्हाई.

तो रडेल म्हणून मी खाली बघत होते. तो रडला नाही. बराच वेळ पट्टीवरून बोट फिरवत राहिला.

"कालव्यावर," तो शेवटी म्हणाला, "आवसंच्या रातीला मी बॅटरीबिगर चालायचो. दार कुठं, पान्याची चारी कुठं, पायाला ठावं. एकदा माझी बदली शेवगावकडं झाली. पह्यल्याच दिवशी, भर दुपारी पडलो. उजेडात." त्याने पट्टीवर बाही ओढून घेतली. "बराबर हाय तिचं."

आतून त्याच्या सुनेने चहा आणला. त्याला मोजूनच प्यावं लागतं, दोन घोट घेऊन त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं आता तो थकला, आडवा होईल, मीही घरी जाऊन आडवी होईन.

"आज रयवार न्हाई," तो म्हणाला, "पर लाव तिला फोन."

मी लावला. पलीकडे आधी मुलींचा गलका, मग मंदाचा आवाज. दादाने मोबाईल तोंडाजवळ धरला.

"मंदे," तो म्हणाला, "मी याकोब." आणि मग, धाप लागू नये म्हणून शब्द सुटे सुटे करत, त्याने तिला घर सांगायला सुरुवात केली. दाराला रंग कुठला दिलाय, आड होता तिथे आता काय आहे, ओट्याला पायऱ्या किती केल्या आणि शेवटची जरा उंच झाली आहे.